नववी ते बारावी : उज्जैनच्या वाटेवरील चार निरनिराळे चढ

उज्जैनमध्ये मंगलनाथाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सांदिपनी ऋषींचा आश्रम आहे. त्या परिसराला अंकपात म्हणतात. कृष्ण, बलराम आणि सुदामा येथे शिकत असताना पाटीवरचे अंक पाण्याने धूत, म्हणून ते नाव पडले अशी स्थानिक श्रद्धा. कृष्णाने चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला आत्मसात केल्या, ही कथा त्या शहरातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. आणि घरातली मोठी माणसे ती त्याला कोणत्या प्रसंगी ऐकवतात, हे सांगायला नको. एप्रिल २०२५ मध्ये मध्य प्रदेश सरकारने आपल्या ‘सीएम राइज’ शाळांचे नामकरण ‘सांदिपनी विद्यालय’ असे केले. गुरुकुलाचे नाव शाळेच्या फाटकावर आले खरे, पण फाटकाच्या आत जाणाऱ्या बहुतेक मुलांची अडचण कृष्णापेक्षा सुदाम्याशी अधिक जुळणारी आहे.

गोमंतकीय वाचकाला उज्जैन परके नाही. महाकालाच्या दर्शनासाठी आपल्याकडून माणसे जातात. ज्या मंदिरापुढे ती रांगेत उभी राहतात, त्याची अठराव्या शतकातील उभारणी राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केली. ग्वाल्हेरला हलण्यापूर्वी शिंद्यांची राजधानी येथेच होती आणि त्या काळापासून स्थायिक झालेली मराठी घरे आजही या शहरात आहेत. माध्यमिक शिक्षणाच्या चार वर्षांत मुलांपुढे नेमके काय येते, हे समजून घ्यायला हे शहर सोयीचे आहे. येथे मोठे राज्य मंडळ आहे, शेतीवर जगणारा तालुक्यांचा पसारा आहे, तासाभराच्या अंतरावर इंदूरसारखी शिकवण्यांची बाजारपेठ आहे आणि घरची भाषा एक, शाळेची दुसरी, असा आपल्याला परिचित असलेला पेचही आहे.

प्रथम रचना पाहू. मध्य प्रदेशात नववी व दहावीला हायस्कूल आणि अकरावी व बारावीला हायर सेकंडरी म्हणतात. दोन्हींच्या अखेरच्या परीक्षा भोपाळचे माध्यमिक शिक्षा मंडळ घेते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या चार इयत्तांना एकच टप्पा मानले. प्रशासनाच्या सोयीसाठी ते ठीक आहे. मुलाच्या दृष्टीने मात्र ही चार वर्षे चार वेगळ्या गावांसारखी आहेत, आणि एका गावात उपयोगी पडलेला सल्ला पुढच्या गावात चालत नाही. चौदाव्या वर्षी वर्गातील धड्याचे वाक्य न समजणाऱ्या मुलाला आणि सतराव्या वर्षी प्रवेश परीक्षेच्या धास्तीने झोप न लागणाऱ्या मुलीला आपण ‘अभ्यास कर, सगळे ठीक होईल’ हे एकच औषध देतो.

या चारांतील सर्वांत धोक्याचे वर्ष कोणते, असे विचारले तर बहुतेक पालक दहावी किंवा बारावी म्हणतील. माझ्या मते ते नववी आहे. कारण साधे आहे : तेथे कोणाचेच लक्ष नसते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा या वयोगटाला, म्हणजे आठवीपर्यंत, मोफत शिक्षणाचा हक्क दिला. आठवी संपली की तो हक्क संपतो. दीर्घकाळ आठवीपर्यंत नापास न करण्याचे धोरण होते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीला मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा मिळाली, आणि मध्य प्रदेशाने या दोन इयत्तांच्या परीक्षा पुन्हा मंडळाच्या धर्तीवर सुरू केल्या. तरीही आठवी पार केलेल्या मुलाला सहावीचे गणित येतेच, असे नाही. सरकारलाही हे ठाऊक आहे. म्हणून राज्यातील सरकारी शाळांत नववीच्या आरंभी मुलांची पायाभूत चाचणी घेतात आणि मागे राहिलेल्यांसाठी ‘ब्रिज कोर्स’ चालवतात. म्हणजे आठ वर्षांत राहून गेलेले काही आठवड्यांत भरून काढायचे. सांदिपनींच्या शिष्याचे चौसष्ट दिवस येथे वेगळ्याच अर्थाने आठवतात.

नववीत एकाच वेळी अनेक गोष्टी बदलतात. बीजगणितातील बहुपदी, भूमितीतील सिद्धता, विज्ञानातील अणू आणि बल हे सारे अमूर्त आहे. आतापर्यंत पाठांतरावर निभावलेल्या मुलाला येथे प्रथमच पाठांतर पुरत नाही. विषयांना स्वतंत्र शिक्षक येतात, निदान यायला हवेत. राज्यातील अनेक सरकारी शाळांत रिक्त जागांवर ‘अतिथी शिक्षक’ असतात. हे अतिथी सत्र सुरू झाल्यावर नेमले जातात, त्यामुळे ज्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत मुलाला आधाराची सर्वाधिक गरज असते, नेमके तेव्हाच गणिताचा किंवा इंग्रजीचा तास रिकामा जाण्याचा संभव राहतो. वराहमिहिराच्या नगरीत मुलाला गणिताची भीती वाटावी, यात मुलाचा दोष फार थोडा आहे.

शहराबाहेर आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे अंतर. तराना, महिदपूर, खाचरोद, बडनगर, घट्टिया या तहसिलींतील पुष्कळ गावांत आठवीपर्यंतची शाळा असते. नववीसाठी दुसऱ्या गावी जावे लागते. राज्य सरकार सहावी आणि नववीत परगावी जाणाऱ्या सरकारी शाळांतील मुलामुलींना मोफत सायकल देते, ते याचसाठी. मुलींच्या बाबतीत सायकलीने रस्ता सोपा होतो, तरी रस्त्याबद्दलची घरच्यांची काळजी संपत नाही. शिवाय माळव्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी येते. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा तोवर शेतात मोठ्या माणसाइतके काम करण्याजोगा झालेला असतो. तो दोन-तीन आठवडे वर्गात नसतो, परत येतो तेव्हा धडे पुढे गेलेले असतात, आणि नववीच्या वार्षिक परीक्षेत जे व्हायचे ते होते. देशपातळीवरील शासकीय आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये मधल्या टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीत, गळतीचे प्रमाण ३.५ टक्के होते. माध्यमिक टप्प्यावर ते ८.२ टक्के झाले. दुपटीहून अधिक झालेली ही वाढ ज्या जागी सुरू होते, ती जागा नववीचा वर्ग होय.

नापास होण्याचा अर्थ काय, यासाठी उज्जैनमधीलच एक जुने उदाहरण आहे. हिंदीतील थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरातले. वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात. बदल्या वारंवार होत आणि मुलाच्या शिक्षणात खंड पडत राही. १९३० मध्ये त्यांनी उज्जैनहून मिडलची परीक्षा दिली आणि ते नापास झाले. मिडल ही त्या काळी हायस्कूलच्या उंबरठ्यावरची परीक्षा होती. हे अपयश त्यांनी पुढे आपल्या आयुष्यातील एक महत्त्वाची घटना म्हणून नमूद केले. १९३८ मध्ये इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि उपजीविकेसाठी शाळामास्तर बनले. बडनगरची मिडल शाळा, शुजालपूर आणि उज्जैनचे दौलतगंज येथे त्यांनी मुलांना शिकवले. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहू लागले. त्यांच्या एका कादंबरीचे नावच ‘क्षिप्रा’ आहे. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषांत नाव केले.

मुक्तिबोधांचे उदाहरण ‘नापास झाले तरी मोठे होता येते’ असे सांगण्यासाठी वापरायला मी फारसा उत्सुक नाही. प्रत्येक नापास मुलगा कवी होत नसतो आणि त्याने व्हावे अशी अपेक्षाही नाही. त्या प्रसंगातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मुलाच्या हातात नसलेल्या कारणाने, बापाच्या बदल्यांनी, शाळा मोडत राहिली. आणि तरीही नापास झाल्यावर त्याला घरून पुन्हा शाळेत पाठवले गेले. आज नववीत नापास झालेल्या मुलाच्या बाबतीत हा दुसरा भाग निर्णायक ठरतो. पुन्हा प्रवेश घेतला तर तो बहुधा दहावीपर्यंत पोहोचतो. जूनमध्ये त्याला दुकानात, शेतात किंवा महाकाल परिसरातील वाढत्या व्यवसायांत कामाला लावले, तर ‘पुढच्या वर्षी बघू’ हे पुढचे वर्ष सहसा येत नाही.

दहावीबद्दल एवढे लिहिले गेले आहे की येथे थोडक्यात आवरतो. गोव्यातील वाचकाने एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. आपल्या मंडळाचा दहावीचा निकाल ९० टक्क्यांच्या वर लागतो. त्यामुळे आपल्याकडे दहावीची चिंता ‘किती टक्के’ ही असते. मध्य प्रदेश मंडळाचा दहावीचा निकाल २०२३ मध्ये ६३.२९ टक्के, २०२४ मध्ये ५८.१० टक्के आणि २०२५ मध्ये ७६.२२ टक्के लागला. ज्या वर्गात दर शंभरांतील चाळीस मुले नापास होऊ शकतात, तेथील भीती वेगळ्या जातीची असते. आणि एका वर्षात निकाल अठरा टक्क्यांनी वर जातो तेव्हा मुले तेवढ्याने हुशार झाली, असे कोणी मानू नये. परीक्षेची रीत, प्रश्नांचे स्वरूप, तपासणी अशा अनेक गोष्टी आकड्यामागे असतात. निकालाच्या आकड्यावरून पिढीची पारख करणे हा आपल्या वर्तमानपत्रांचाही जुना दोष आहे.

मंडळाने २०२५ पासून पूरक परीक्षेऐवजी दुसरी मुख्य परीक्षा सुरू केली. फेब्रुवारी-मार्चमध्ये नापास झालेले, तसेच गुण वाढवू इच्छिणारे विद्यार्थी पुन्हा बसू शकतात. केंद्रीय मंडळानेही २०२६ पासून दहावीला वर्षातून दोन परीक्षांची सोय केली आहे. हा बदल चांगला आहे, कारण एका दिवसाच्या तापाने किंवा एका पेपरच्या घाबरगुंडीने वर्ष वाया जात नाही. उज्जैनच्या मुलांना तर परीक्षेच्या तोंडावर शहराच्या उत्सवांशीही जमवून घ्यावे लागते. महाशिवरात्री आणि तिच्या आधीची शिवनवरात्र नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. श्रावणात दर सोमवारी महाकालाची सवारी निघते. २०२५ मध्ये प्रशासनाने त्या सोमवारी शाळांना सुटी देऊन रविवारी वर्ग भरवले. गणेशचतुर्थीत आपल्याकडचे वेळापत्रक कसे वाकते हे ज्याने पाहिले आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही.

दहावीनंतर घरात सुटकेचा निःश्वास पडतो आणि अकरावी सुरू होते. शाळेच्या भाषेत हे ‘मोकळे वर्ष’. पण मुलाने आयुष्यात प्रथमच जो मोठा निर्णय घेतलेला असतो, त्याचे बरे-वाईट परिणाम याच मोकळ्या वर्षात दिसू लागतात. मध्य प्रदेशात मुलाला अकरावीत कोणता ‘विषय घेतला’ असे विचारतात. उत्तर ‘मॅथ्स’, ‘बायो’, ‘कॉमर्स’ किंवा ‘आर्ट्स’ असे एका शब्दाचे असते. या एका शब्दाने पुढची दहा वर्षे ठरतात असे मुलाला वाटते, आणि घरच्यांना तर वाटतेच. दहावीला गणितात ८० गुण मिळवणारा मुलगा अकरावीच्या पहिल्या चाचणीत ३० वर येतो, यात काही असाधारण नाही. दहावीच्या गणितात सोडवण्याची रीत बहुधा ठरलेली असते. अकरावीत फलन, मर्यादा, सदिश येतात आणि रीत स्वतः शोधावी लागते. हे आधी सांगितलेले नसल्यामुळे मुलगा निष्कर्ष काढतो की आपण मुळात ‘ढ’ होतो आणि दहावीचे गुण चुकून मिळाले.

येथेच भाषेचा प्रश्न डोके वर काढतो. उज्जैनमधील मराठी घरातील मूल घरी मराठी बोलते, गल्लीत माळवी मिसळलेली हिंदी, शाळेत पुस्तकी हिंदी किंवा इंग्रजी. राज्य मंडळाच्या विषयसूचीत मराठीही आहे, पण बहुतेक शाळांत संस्कृतच शिकवले जाते. हिंदी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाने विज्ञान घेतले की त्याला ‘त्वरण’ आणि ‘अॅक्सेलरेशन’ ही दोन्ही नावे वागवावी लागतात, कारण शाळेचे पुस्तक एक शब्द वापरते आणि शिकवणीचे शिक्षक दुसरा. नीट आणि जेईई मुख्य या परीक्षा आता मराठी-हिंदीसह तेरा भाषांत देता येतात. जेईई अॅडव्हान्स्ड मात्र हिंदी आणि इंग्रजीतच असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने वैद्यकीय शिक्षण हिंदीतून देण्यासाठी पाठ्यपुस्तके प्रकाशित केली, तो या पेचावरचाच एक प्रयत्न. आपल्याकडे चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकलेले मूल पाचवीत इंग्रजीत जाते; तेथील धक्का दहाव्या वर्षी बसतो, उज्जैनमधील हिंदी माध्यमाच्या मुलाला सोळाव्या वर्षी. लहानपणीचा धक्का मूल रडून विसरते. सोळाव्या वर्षी ते गप्प बसते, आणि वर्गात प्रश्न विचारणे सोडून देते.

शाखा चुकली असे वाटले तर काय करावे? पहिल्या दोन महिन्यांत बदल करणे बहुधा शक्य असते. सहामाही परीक्षेनंतर ते अवघड होते आणि बारावीत अकरावीचेच विषय चालवावे लागतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मुलाशी शांतपणे बोलण्याला फार किंमत आहे. ‘लोक काय म्हणतील’ हा विचार या दोन महिन्यांपुरता बाजूला ठेवता आला, तर पुढचे पुष्कळ टळते.

बारावीला पोहोचेपर्यंत मुलगा दोन शाळांत शिकू लागलेला असतो. एक नावाची, एक शिकवणीची. उज्जैनपासून इंदूर साधारण ५५ किलोमीटरवर आहे आणि कोट्याला थेट रेल्वे जाते. काहींची नावे उज्जैनच्या शाळेच्या पटावर असतात आणि मुले मात्र इंदूरच्या भाड्याच्या खोलीत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी संस्थांत प्रवेश देऊ नये असे सांगितले. तरी घाई कमी झालेली दिसत नाही, कारण घाईचे कारण संख्येत आहे. २०२५ मध्ये नीट परीक्षेला देशभरातून २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. वैद्यकीय पदवीच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. राज्य सरकार बारावीत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये देते, सरकारी शाळेत पहिल्या येणाऱ्याला स्कूटी देते, आणि ‘मेधावी विद्यार्थी योजने’तून पुढील शिक्षणाचे शुल्क भरते. ही मदत खरी आहे. परंतु शिकवणीत बुडालेल्या मुलाकडे मंडळाच्या परीक्षेसाठी वेळ उरत नाही, आणि प्रवेश परीक्षाही हुकली तर त्याच्या हाती दोन्ही नसते.

४ मे २०२५ रोजी उज्जैन आणि इंदूरमध्ये जे घडले, त्यातून या वयाची असहायता उघड दिसते. त्या दुपारी नीट सुरू असताना वादळी पाऊस आला आणि काही केंद्रांवर वीज गेली. मुलांनी अंधुक उजेडात प्रश्नपत्रिका सोडवली. पर्यायी विजेची सोय सर्वत्र नव्हती. विद्यार्थी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडे गेले. एकलपीठाने ३० जून रोजी याचिकाकर्त्या विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय चाचणी संस्थेने अपील केले, आणि जुलैत द्विसदस्य पीठाने तो आदेश रद्द केला. पुढे सर्वोच्च न्यायालयातही विद्यार्थ्यांना दिलासा मिळाला नाही. वीज गेलेल्या केंद्रांवरील मुलांची कामगिरी इतर केंद्रांच्या तुलनेत विशेष घसरलेली नाही, असा तज्ज्ञांचा अहवाल संस्थेने मांडला होता. बावीस लाखांच्या परीक्षेत थोड्यांसाठी वेगळी परीक्षा घेणे सोपे नाही, हे मान्य. पण केंद्राची सरासरी खिडकीपासून दूरच्या बाकावर बसलेल्या एका मुलीबद्दल काही सांगत नाही. तिने दोन वर्षे जे सोसले ते तीन तासांच्या एका दुपारवर टांगलेले होते, आणि त्या दुपारवर तिचा काडीचाही ताबा नव्हता. दहावीला दुसरी संधी देण्यामागे जे शहाणपण आहे, ते नीटच्या दारात येऊन थबकते.

या ताणाची किंमत कधी कधी भयंकर असते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. सर्वाधिक संख्या असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही आहेत. या सर्वांचे कारण परीक्षा नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. घरातील भांडणे, आजार, आर्थिक ओढाताण अशी कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, शिकवणी संस्थांनी गुणांनुसार तुकड्या पाडू नयेत, हे त्यांतील दोन. ज्या शाळेत जुलैपर्यंत गणिताचा शिक्षकच पोहोचत नाही, तेथे समुपदेशक कधी पोहोचेल, ही शंका रास्त आहे. तोपर्यंत वर्गशिक्षकानेच मुलाच्या सलग गैरहजेरीकडे, अचानक आलेल्या अबोलपणाकडे आणि झोपेच्या तक्रारीकडे लक्ष ठेवावे लागेल. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. मध्य प्रदेशाप्रमाणेच गोव्यातूनही ती मिळते, आणि मुलाच्या वतीने पालकही तेथे बोलू शकतात.